दांडी काढली त्या वर्षी

मी एक जुने हेलिकॉप्टर आहे. माणसे बसतात ते नव्हे. टेबलावर मावणारे, रिमोटवर उडणारे. पण मला खेळणे म्हणालात तर राग येईल, आधीच सांगते. माझे इंजिन खरे आहे आणि माझी लाकडी पाती बोट सहज छाटतील.

मित्रांनो, २००१ साली कोडोलीच्या प्रसेनजीतदादांनी मला पुण्याहून जुनेच विकत आणले. ते कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवर लोखंडी भाग कातणारे टर्नर. माझा झिजलेला शाफ्ट त्यांनी लेथवर नवा करून दिला, आणि ऊस तुटला की मोकळ्या रानात मला उडवू लागले. पुढे भीमजयंतीला मिरवणुकीवर माझ्यातून फुले पडू लागली. सारे गाव मान वर करून बघे. खोटे कशाला बोलू, मला भारी वाटे.

माझ्या डोक्यावर पात्यांना आडवी एक दांडी होती, दोन्ही टोकांना छोटी फळकुटे असलेली. मी कलले की तीच मला सावरायची. पण २००९ साली दादांच्या कानावर आले, की दांडी काढून तोल सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक डबी बसवली तर वजन जास्त उचलते आणि वाऱ्यातही हेलिकॉप्टर डगमगत नाही. त्या वर्षी त्यांना दुप्पट फुले टाकायची होती. तसा शब्दच त्यांनी तरुण मंडळाला देऊन ठेवला होता. जयंतीच्या आदल्या दिवशी दांडी निघाली आणि माझे डोके बोडके झाले.

डबी नीट बसली की नाही हे बघायची एक रीत आहे. यंत्र हाताने पुढे झुकवायचे. तेव्हा पात्यांखालची, पात्यांना कल देणारी तबकडी आपोआप मागे झुकली पाहिजे. दादांनी मला पुढे झुकवले. तबकडीही पुढेच झुकली. डबी उलटी बसली होती! पण दांडीच्या काळात ती तबकडी आपणहून कधीच हलत नसे, त्यामुळे ती हलली यातच दादा हरखले.

त्यांची धाकटी बहीण संघप्रिया वारणानगरला शाळेत विज्ञान शिकवते. ती म्हणाली, "दादा, ही बी तिकडंच झुकतीया की. उलटी झुकाय पायजे न्हवं?"

"हलतीया न्हवं? मग झालं. वीस वर्सं लेथवर हाय मी. मला नगं शिकवू."

मी आतून ओरडत होते. पण यंत्राला तोंड कुठे असते?

दुसऱ्या दिवशी विहारासमोरच्या मैदानात पोरेबाळे सतरंजीवर फुलांची वाट बघत बसली होती. दादांनी इंजिनाला हात घातला आणि संघप्रिया आडवी आली.

"आदी पोरं उठीव. सगळ्यास्नी बांधाच्या पल्याड जाऊ दे, मग उडीव."

"चारचौघांत माझी इज्जत काढतीस व्हय?"

ती सतरंजीकडे गेली आणि एकेका पोराचा दंड धरून उठवू लागली. आया कुरकुरल्या, मंडळाची पोरे हसली. मैदान रिकामे होईपर्यंत तिने दादांना इंजिन सुरू करू दिले नाही. मग दादांनी रागारागातच इंजिन सुरू केले आणि रिमोटने मला हवेत उचलले.

मी कमरेइतके उंच उठले. वाऱ्याने जरासे पुढे कलले, तर डबीने मला आणखी पुढे ढकलले. दादांची बोटे रिमोटवर नुसती धडपडत होती. बघता बघता मी जमिनीवर आपटले. एक पाते मोडून सुटले आणि रिकाम्या सतरंजीत जाऊन घुसले.

कोणालाही खरचटले नाही. दादा पाते उपटायला वाकले आणि तिथेच बसले. "संघे, हितं पोरं हुती गं," एवढेच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. ती त्यांच्याजवळ बसून राहिली. फुले लोकांनी हातानेच उधळली.

आता डबी सुलटी बसली आहे. तरी दादा रिमोट हातात धरत नाहीत. मंडळाची माणसे यंदा फुले टाकणार का विचारायला येतात, तर दादा विषय बदलतात. मला उडावेसे वाटते, पण त्यांना आग्रह करायचा मला धीर होत नाही.

मित्रांनो, यंत्राला तेल घाला, ते पुसून ठेवा, असे तुम्हाला सगळेच सांगतील. मी एवढेच मागते, की कोणी 'पुन्हा एकदा बघ' म्हणाले तर बघा. माझी नवी पाती आठवड्यात मिळाली. ती पोरे कुठून आणली असती?