राजापेठेतल्या गल्लीच्या तोंडाशी

मी एक ट्रक बोलतोय. अकोल्याचा, सहाचाकी, हिरव्या केबिनचा. मी मागून आलो की तुम्ही कपाळाला आठ्या घालून बाजूला होता, हे मला ठाऊक आहे. तुमचा राग काही खोटा नाही. म्हणूनच आज हॉर्न न वाजवता तुमच्याशी बोलायचं आहे.

माझं इंजिन आणि सांगाडा दूरच्या कारखान्यात बनला, पण मला रूप आलं ते अकोल्यात. सुतारांनी फळ्या ठोकल्या. पेंटरनं दारांवर मोर काढले आणि मागच्या फळीवर मालकांचा फोन नंबर ठळक अक्षरांत लिहिला. मालक गोवर्धनशेठ. डाळमिलमधून तूरडाळीचे कट्टे भरायचे आणि अमरावतीच्या दुकानांत पोचवायचे, हे माझं रोजचं काम.

माझे पहिले ड्रायव्हर शफीकचाचा. फार कमी बोलायचे. बाजारात गेलो की दुकानाच्या दारात ते मला कधी लावत नसत. लांब, मोकळी जागा शोधत. हमाल कुरकुरायचे.

"चाचा, दुकानापुढंच लावा ना. पाठ मोडून राहिली आमची."

"हातगाडी आणा रे बाबा," चाचा म्हणायचे. "सडक काय मायी एकट्याची हाय?"

बरीच वर्षं आमची अशीच गेली. मग चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशन ठरलं आणि माझ्यासाठी नवा ड्रायव्हर आला. त्याचं नाव इमरान. हिवरखेडचा. गावाकडं ट्रॅक्टर चालवलेला, ट्रकचं लायसन नुकतंच हातात पडलेलं. चाचांनी त्याला माझ्यावर बसवून बाहेरच्या मोठ्या सडकेवर नेलं. हात साफ होता त्याचा. गिअर असे टाकायचा की मला धक्का म्हणून बसत नसे.

पण चाचा मालकांकडे गेले तेव्हा मी अंगणातच उभा होतो. मी ऐकलं.

"शेठ, पोरगा चालवते चांगलं. पण त्याले अजून गाडी लावता येत नाही. गर्दीत मांगं घेता येत नाही. थोडे दिवस द्या मले."

"चाचा, हंगाम चालू आहे. माल पडून आहे. लावणं काय, येईल आपोआप."

चाचांनी पुन्हा एकदा सांगून पाहिलं. शेठ फोनवर बोलायला लागले होते.

दुसऱ्याच आठवड्यात इमरान एकटा मला घेऊन अमरावतीला निघाला. राजापेठेतलं धान्याचं दुकान, आणि त्या दुकानाला लागूनच एक अरुंद गल्ली. आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलत आली होती. शाळा सुटलेल्या, क्लासची पोरं सायकली आणि स्कूट्या दामटत होती. इमराननं इकडंतिकडं पाहिलं. चौकाच्या पलीकडं रिकामी जागा होती, ती त्यालाही दिसली. तरी त्यानं माझं तोंड गल्लीत घातलं, पाठ दुकानाकडं राहील असं पाहिलं आणि इंजिन बंद केलं.

एक बाई स्कूटीवरून आल्या. "दादा, गल्ली बंद झाली ना."

"पाच मिनिटं, ताई."

हमाल जेवायला गेले होते. मग इमरानही गेला. फोन केबिनमध्ये चार्जिंगला लावून गेला आणि किल्ली खिशात घालून गेला.

गल्लीत आत वळणावर एक दुमजली इमारत होती. खाली झेरॉक्सचं दुकान, वर दहावीचा क्लास. माझ्या काचेतून मला तिचा एक कोपरा दिसत होता. त्या कोपऱ्यातून आधी थोडा धूर आला. मला वाटलं, कुणी कचरा पेटवला असेल. मग धूर काळा झाला आणि कुणीतरी पळत बाहेर आलं.

"मीटरच्या पेटीले आग लागली. जिना पेटला. पोरं वर हायेत."

माझ्या आजूबाजूला एकदम माणसं झाली. ज्यांना आत जायचं होतं ती माझ्या आणि भिंतीच्या मधल्या फटीतून अंग चोरून जात होती. थोड्याच वेळात मागून अग्निशमनच्या गाडीचा भोंगा आला. जवळ आला आणि माझ्या पाठीशी येऊन अडला.

गाडीचे ड्रायव्हर उतरून माझ्यापाशी आले. देवमन त्यांचं नाव, लोक त्यांना ओळखत होते. त्यांनी माझ्या दारावर थाप मारली.

"ड्रायव्हर कुठी हाय याचा?"

कुणाला माहीत नव्हतं. पाइप घेऊन त्यांची दोन माणसं फटीतून आत धावली, पण गल्ली वळत होती आणि पाइप पुरेना. शिडी तर त्यांच्या गाडीवरच होती. एकानं माझ्या फळीवरचा नंबर वाचून शेठना फोन लावला. शेठनी लगेच इमरानला लावला असणार, कारण माझ्या पोटात इमरानचा फोन वाजू लागला. वाजून थांबला. पुन्हा वाजला. बाहेर पोरांच्या आया ओरडत होत्या आणि आत तो फोन वाजत होता. मला कान आहेत, हात नाहीत. त्या दिवशी ते मला जितकं जाणवलं तितकं आधी कधी जाणवलं नव्हतं.

लोकांनी मला ढकलून पाहिलं. मी डाळीनं भरलेला, ब्रेक लागलेला. जागचा हललो नाही. एकानं दगड घालून माझी काच फोडली, दार उघडलं, पण किल्लीवाचून तो तरी काय करणार? तो तसाच सीटवर बसून राहिला आणि मग रडत खाली उतरला. त्याची बहीण त्या क्लासमध्ये होती.

इमरान धावत आला तेव्हा त्याच्या बोटांना अजून वरण लागलेलं होतं. कुणीतरी त्याची कॉलर धरून थोबाडीत मारली. दुसरा हात उगारणार तोच देवमन मध्ये पडले.

"मारजा नंतर. आधी गाडी काढू द्या." मग इमरानकडं वळून हळू आवाजात म्हणाले, "मी माई गाडी मांगं घेतो. तू याले सरळ मांगं काढ. स्टेअरिंग फिरवू नको. माया माणूस तुले हात दाखवीन, फक्त त्याच्याकडं पाह्य."

इमराननं किल्ली फिरवली. घाईत त्याचा पाय घसरला. क्लच सुटला आणि मी गचका खाऊन बंद पडलो. लोकांचा एक आवाज झाला, तो मला अजून ऐकू येतो. त्यानं पुन्हा चालू केलं. मी मागं सरकलो. माझं मागचं चाक कशावर तरी चढलं, पत्रा चुरगळल्याचा आवाज आला. इमराननं ब्रेक दाबला.

"स्कूटी हाय," देवमन ओरडले. "माणूस नाही. येऊ दे."

मी आलो. तोंड गल्लीबाहेर निघालं आणि देवमनची गाडी माझ्या पुढून आत गेली, आरशाला आरसा घासत. पाणी सुरू झालं. शिडी लागली. वरच्या खिडकीची जाळी तोडायला वेळ लागला. मग एकेक पोर खाली येऊ लागलं, तोंडं काळी, कुणाच्या पाठीवर अजून दप्तर. सगळ्यांत शेवटी वर्षाली नावाची मुलगी आली. बाकीच्या पोरांना खिडकीकडं लोटता लोटता ती मागं राहिली होती. तिला खांद्यावर टाकून आणलं तेव्हा ती हलत नव्हती.

वर्षाली वाचली. पण धूर तिच्या छातीत फार गेला होता. ती बरेच दिवस दवाखान्यात राहिली.

मला पोलिसांनी ठाण्याच्या आवारात नेऊन लावलं. पुढं सुटका झाली. इमरान मला परत न्यायला आला, पण आधी मला दवाखान्याच्या रस्त्याला घेऊन गेला. चांगलं लांब, एका मोकळ्या मैदानाशेजारी उभं केलं आणि चालत गेला. वर्षालीची आई रुख्मिणीबाई डबा घेऊन त्याच वाटेनं येत होती. तिनं त्याला ओळखलं. दोघं माझ्यापासून थोड्या अंतरावर थांबले.

इमरान मान खाली घालून उभा. तिनंच विचारलं, "तुले दुसरी जागा नव्हती का रे?"

"होती, मावशी."

"मंग?"

"चालत यावं लागलं असतं."

रुख्मिणीबाई त्याच्याकडं पाहत राहिली. डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि निघून गेली. इमरान माझ्या सावलीत येऊन बसला तो ऊन उतरेपर्यंत.

शेठनी त्याला काढायचं ठरवलं होतं. शफीकचाचा आडवे आले. "त्याले काढाल तर नवा आणाल. नव्याले तरी कोण शिकवणार? मले पोरं द्या, अन् हा ट्रक द्या. शिकल्याबिगर कोणाच्या हातात गाडी देऊ नका." या वेळी शेठनी फोन बाजूला ठेवून ऐकलं.

तेव्हापासून मी अकोल्याबाहेरच्या एका मैदानात असतो. माल नेत नाही, नवे ड्रायव्हर तयार करतो. चुन्याच्या रेघा मारलेल्या असतात, त्यांच्यामध्ये मला लावायचं, काढायचं, पुन्हा लावायचं. ज्योत्स्ना नावाची एक मुलगी शिकायला येते, तीन पोरं येतात आणि इमरानही येतो, पहिल्यापासून शिकायला.

मागच्या महिन्यात चाचांनी वर्षालीला बोलावलं. आईबरोबर ती आली. बारीक झाली होती. चाचा म्हणाले, "बेटी, वर बसून पाह्यतं का?"

ती एका पायरीवर चढली आणि थांबली. दम लागला होता. आई पुढं झाली, तिनं हातानंच नको म्हटलं. इमरान दुसरीकडं पाहत होता. श्वास जाग्यावर आला तशी ती पुढची पायरी चढली, आणि माझ्या सीटवर येऊन बसली.

चाचांनी ज्योत्स्नाला माझ्या नाकाशी, अगदी चिकटून उभं केलं. "बेटी, काय दिसते तुले समोर?"

वर्षालीनं मान उंचावून पाहिलं. "मैदान दिसते. झाड दिसते. ते पोरं दिसते."

"अन् ज्योत्स्ना दिसते का?"

वर्षाली पुढं वाकली. बराच वेळ शोधत राहिली. मग घोगऱ्या आवाजात म्हणाली, "नाही चाचा. इथून जवळचं माणूस दिसतच नाही."

चाचा शिकणाऱ्यांकडं वळले. इमराननं डोळे पुसले.

ती खरं बोलली. माझी केबिन उंच आहे. तिथून लांबचं सगळं दिसतं, जवळचं दिसत नाही. म्हणून माझ्या किल्लीला हात लावणाऱ्या सगळ्यांना माझं एवढंच मागणं आहे. मला उभं करून जाताना खाली उतरा, आणि मी कुणाच्या वाटेत उभा आहे ते आधी पाहा. मला स्वतःहून हलता येत नाही.