पडद्यावर दोन शीतल

डोंगरकडा गावात धम्मानंदइतकं लाटांचं शास्त्र शिकलेलं पोरगं दुसरं नव्हतं, आणि त्याच्या घरच्याइतका आगाऊ टीव्हीही दुसरा नव्हता. आता बोला!

सन दोन हजार, हळद शिजवायचे दिवस. आज साडेपाचला धम्मानंदची बहीण शीतल टीव्हीवर गाणार होती. घरच्यांचं न ऐकता ती गाणं शिकायला औरंगाबादला गेली, तेव्हापासून बापानं, पुंजाजीनं, तिचं नाव टाकलं होतं. माय पद्माबाईनं रडून-भांडून त्याला आज टीव्हीपुढं बसवलं होतं. लेकरू एकदा नजरेला पडलं तर काळीज हलंल, एवढीच तिची आशा.

आणि पडद्यावर एकेक माणूस दोन-दोन दिसून राहिला!

माळवदावर अँटिना फिरवून धम्मानंद घामाघूम झाला. खोट कुठं आहे, हे त्याला बराबर ठाऊक होतं. शेजारच्या व्यंकटरावांनी हळद शिजवायची भली थोरली लोखंडी काहील धुऊन भिंतीला उभी टेकवली होती. टॉवरकडून येणारी एक लाट सरळ अँटिनात शिरायची आणि चित्राची जोडी करणारी दुसरी काहिलीवर आपटून मागाहून यायची. विहिरीत दगड टाकला की लाटा काठाला लागून परततात, तशी.

"काका, काहील घडीभर आडवी करा ना!"

"काहून? माझी काहील तुमच्या टीव्हीत शिरली का?"

"तिच्यावरून लाट परतून येते."

"लाट? डोंगरकड्यात?" व्यंकटराव पोट धरून हसले. "चार गडी लागतात बाबा तिला हलवायला. गडी गेले घरी."

धम्मानंदचा नुसता जळफळाट झाला. त्यानं अँटिना हातभर सरकवला तर चित्रच मेलं. एका लाटेच्या उंचवट्यावर दुसरीचा खड्डा आला की दोघी संपतात, हे लिहून त्यानं परीक्षेत मार्क घेतले होते. ते मार्क आता काय चाटायचे?

चिडून तो अँटिनाच्या काहिलीकडच्या बाजूला आडवा उभा राहिला आणि त्यानं अँटिनाचा पाइप गच्च धरला.

"आली!" खालून माय ओरडली. "एकच दिसून राहिली! हलू नको!"

घाम पुसायला तो जरा बाजूला झाला.

"परत दोन झाल्या रं, मुडद्या!"

म्हणजे काहिलीची लाट त्याचं अंगच अडवत होतं. झालं! तो खांबासारखा उभा राहिला. खाली शीतलचा आवाज लागला.

"बाबा बघून राहिले का?" त्यानं विचारलं. मग तो ओरडला, "अय माय! बाबा हायेत का?"

चिडीचूप. बाप उठून गेला, दुसरं काय! हाताला मुंग्या आल्या, मान आखडली, आणि सगळं मुसळ केरात. गाणं संपलं तरी रागाच्या भरात त्यानं पाइप सोडला नाही.

शिडी करकरली. पुंजाजी वर आला.

"दिसली का?" धम्मानंद खेकसला.

"लई वाळली रे पोरगी."

"मला काय ठाऊक? मी बघितली कुठं!"

पुंजाजीनं त्याची बोटं पाइपावरून एकेक करून सोडवली.

"मग उद्या जाऊन बघून ये," तो म्हणाला. "आन् येताना तिला घेऊन ये."