ट्यूब पेटते आहे तोवर

"ही गेली," स्टुलावर उभ्या मावशी म्हणाल्या आणि माशांच्या टाकीच्या झाकणातली ट्यूब त्यांनी फिरवून बाहेर काढली.

"गेली कशी, मावशी? चांगली पेटत होती की!" काउंटरवरची मुलगी खुर्चीतून अर्धी उठली. "आणि मागच्याच खेपेला बदललीत ना?"

"पेटते म्हणून चांगली, असं नसतं बाळ. वर्षभर ट्यूब नीट काम करते, पुढे नुसती पेटते. झाडांना लागणारा उजेड केव्हाच संपलेला असतो. मग झाडं उपाशी आणि शेवाळाची चंगळ!"

मावशी गावभरच्या माशांच्या टाक्या सांभाळायच्या; दातांच्या दवाखान्यातली ही लांबलचक टाकी त्यांच्या हातची सगळ्यात जुनी. दाढ धरून बसलेला पेशंट मासे बघता बघता ठणका विसरतो, असा त्यांचा दावा होता. टाकी कोणाचीही असो, मावशींचं प्रवचन एकच: रोज बघणाऱ्याला ट्यूब मंदावलेली कळत नाही, नवी शेजारी धरली की कळते.

त्यांनी पिशवीतली कोरी ट्यूब बसवली, बटण दाबलं. तीही पिवळट.

"बघ! दुकानदाराने जुना माल गळ्यात मारलाय. थांब, त्याची हजेरीच घेते."

मुलीने ट्यूबकडे पाहिलं, मग मावशींकडे.

ती ट्यूब काढून घेऊन मावशी तणतणत दुकानात गेल्या. दुकानदाराने तीच ट्यूब लावून दाखवली. "पांढरीफेक आहे, मावशी. अजून काय पाहिजे?" शेजारी उभ्या गिऱ्हाइकालाही ती पांढरीच दिसली. "तुम्ही सगळे एका माळेचे मणी," असं सुनावून मावशी निघाल्या खऱ्या, पण वाटेत त्यांचा राग ओसरला आणि त्या थेट घराकडे वळल्या.

घरी येऊन त्यांनी फळीवरची बशी काढली आणि खिडकीत नेली.

"अहो, ही बशी कोणत्या रंगाची?"

"मला कशाला विचारतेस?" नवरा म्हणाला. "लग्न झाल्यापासून रंग तूच ठरवतेस."

"थट्टा पुरे. सांगा."

"पांढरी. का गं?"

मावशींनी उजवा डोळा झाकला. बशी जुन्या कागदासारखी पिवळी दिसली. मग डावा झाकला, तेव्हा जराशी पांढरी, पण धुरकट. नवी ट्यूब जुनीच्या शेजारी धरावी तसं त्यांनी दोन-तीनदा करून पाहिलं. शंकेला जागाच उरली नाही.

त्यांचं सगळं काम डोळ्यांवर चालायचं. पाण्याचा रंग बदलला, माशाच्या कल्ल्यापाशी ठिपका आला, हे सगळ्यांच्या आधी त्यांना दिसायचं, म्हणून तर लोक बोलवायचे. मावशी घाबरल्या. त्यांची आई डोळ्यांच्या ऑपरेशनला नाही नाही म्हणत राहिली आणि शेवटी भिंती चाचपत घरात फिरली, ते त्यांनी पाहिलं होतं.

बशी जागेवर ठेवत त्या म्हणाल्या, "उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं."

"लगेच उद्या? जरा विचार तरी कर."

"आईने विचारच केला होता. मी टाक्या सोडणार नाही. उद्याच जायचं."

मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता. "दोन्हीचं एकदम नका करू," मावशींनी डॉक्टरीणबाईंनाच बजावलं. "दोन ट्यूब असल्या की मी आधी एक बदलते, दुसरी महिन्याने. एकदम लखलखाट झाला की मासे बिथरतात."

"आम्हीही एकेकच करतो," बाई हसून म्हणाल्या, "फक्त माशांसाठी नाही."

पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर पाण्यात हात घालायची परवानगी मिळाली त्याच दिवशी मावशी दवाखान्यात हजर झाल्या. इतके दिवस टाकीला वाली नव्हता, तेव्हा आत जंगल माजलं असणार, अशी मनाची तयारी करून त्यांनी काळा चष्मा काढला.

समोरची काच लख्ख होती. उजेड दुधासारखा पांढरा होता, आणि ट्यूब तीच, त्यांनी नावं ठेवलेली, मग नवऱ्याच्या हाती परत पाठवलेली. मग त्या बाजूला वाकल्या. मागच्या काचेवर, पाइपच्या आड, शेवाळाचा जाड थर होता. असा थर धरायला कित्येक महिने लागतात, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

"समोरची काच कोण घासतं गं?"

"तुम्ही नव्हता ना, म्हणून मी."

"आणि त्याआधी?"

मुलगी काउंटरवरचे कागद उगाच सारखे करू लागली. "तुम्ही गेल्यावर थोडं राहिलेलं असायचं, मावशी. डॉक्टरांच्या नजरेला पडलं असतं, तर त्यांनी दुसरं कोणीतरी आणलं असतं."

मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताठ मानेने त्या ट्यूबवर प्रवचनं देत होत्या, आणि त्यांच्या पाठीमागे ही पोरगी गुपचूप काच घासत होती. एकदाही बोलली नाही! डोळा चोळायची मनाई होती, म्हणून त्यांनी पदराच्या टोकाने गालच तेवढा टिपला.

"स्क्रबर कुठाय?"

मुलीने खणातून काढून दिला. तो अजून ओलाच होता.

मावशींनी पंप बंद केला, पाइप बाजूला सरकवला आणि कोपरापर्यंत हात आत घातला. कोणालाच न दिसणाऱ्या कोपऱ्यापासून त्यांनी सुरुवात केली. पाणी हिरवं झालं, मासे दुसऱ्या टोकाला पळाले.

"दुसरा डोळा अजून व्हायचाय," त्या मागे न बघता म्हणाल्या. "तेव्हा मागची बाजूपण घासायची. ये इकडे, हात कसा घालायचा ते दाखवते."

मुलीने बाही वर सरकवली.