मापाड्याची मुलगी

“म्हणजे माझ्या खाण्यापिण्याचा काही संबंध नव्हता?” बायकोने डॉक्टरांना पुन्हा तेच विचारलं, आणि मापाडी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिला.

“नव्हता,” डॉक्टर म्हणाल्या.

“आणि सातव्या महिन्यात मी जिन्यावरून घसरले होते, ते?”

“त्याचाही नाही.”

मापाडी हे काही त्याचं आडनाव नव्हे. बसमध्ये कंडक्टरकी करण्यात त्याची हयात गेली, आणि डेपोतल्या लोकांनी हे नाव ठेवलं ते त्याच्या नजरेवरून. बसच्या दाराजवळच्या खांबावर एक लाल रेघ असते. डोकं रेघेखाली असलं तर हाफ तिकीट, वर गेलं की फुल. बाकीचे कंडक्टर पोरांना खांबाला टेकवून उभं करत. ह्याला त्याची गरज पडत नसे. गाडी थांबायच्या आत हा थांब्यावरच्या गर्दीतलं पोर जोखून मोकळा व्हायचा, आणि गुडघे वाकवून चढणाऱ्या लबाडांना “सरळ उभा राहा की लेका” म्हणत फुल तिकीट हातात ठेवायचा. अशा माणसाची सोळा वर्षांची मुलगी अजून रेघेखाली होती. डेपोत यावर कधी थट्टा झाली नाही, कारण डेपोत हे कुणाला ठाऊकच नव्हतं. ते कळणार नाही याची त्याने काळजी घेतली होती.

मुलगी दोघांच्या मधल्या खुर्चीत बसली होती. पाय जमिनीला टेकत नव्हते. कान इवलेसे, गुडघ्यांना वाट्या जवळजवळ नाहीतच. डोकं मात्र तल्लख. ती पुढे सरकून म्हणाली, “पण नेमकं झालंय काय? मला समजेल असं सांगा ना.”

डॉक्टरांनी मग तिच्याकडेच वळून सांगितलं. शरीर वाढतं म्हणजे एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार. दर वेळी दुभंगण्याआधी पेशीला आपल्या सगळ्या डीएनएची नक्कल करून घ्यावी लागते. ती एकाच टोकापासून करत बसलं तर कधी संपायची नाही, म्हणून हजारो ठिकाणांहून काम सुरू होतं.

“कुठून सुरू करायचं, त्या जागा आधी तयार ठेवाव्या लागतात,” त्या म्हणाल्या. “काही प्रथिनं तिथे जाऊन बसतात आणि त्या जागेला जणू परवाना देतात. एकदा नक्कल सुरू झाली की नवे परवाने बंद. नाहीतर एकच तुकडा दोनदा उतरवला जाईल आणि सगळा घोटाळा होईल.”

“पंच केलेलं तिकीट पुन्हा चालत नाही, तसं,” मापाडी बोलून गेला.

“तसंच. तुमच्या मुलीत परवाना देणारं एक प्रथिन अधू आहे. जागा कमी तयार होतात, मग पेशीला वेळ लागतो. पोटात असताना आणि तान्हेपणी वाढीची घाई असते. नेमक्या तेव्हाच पेशी कमी पडल्या.”

“म्हणजे माझं काम उशिरा होतं,” मुलगी म्हणाली. “पण होतं नीट.”

“होतं नीट,” डॉक्टर हसल्या.

“हे आलं कुणाकडून?” मापाड्याने विचारलं. खोटं कशाला, विचारताना त्याला आशा होती.

“दोघांकडून. ते प्रथिन घडवणाऱ्या जनुकाची एक बिघडलेली प्रत आईकडून, एक तुमच्याकडून. एकीनं काही झालं नसतं.”

मापाड्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलगी जन्मली तेव्हापासून त्याची आई येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत आली होती, की हिने पोरीला पोटातच उपाशी ठेवलं. ‘आई, पुरे’ एवढे दोन शब्द त्याच्या तोंडून कधी निघाले नाहीत. उलट एकदा भांडणाच्या भरात तोही तेच म्हणाला होता. मुलगी तेव्हा दारातच उभी होती.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, “अगं, ऐक ना...”

बायकोने पर्सची चेन लावली. “आईंना तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर त्यांना खरं वाटायचं नाही.” आवाजात राग नव्हता. राग येऊन गेल्याला बरीच वर्षं झाली असावीत.

तिघं थांब्यावर उभी राहिली. एकत्र बसने जायची वेळ फार दिवसांनी आली होती. मागच्या वर्षी एका सकाळी मुलगी शाळेत जाताना त्याच्याच गाडीत चढली होती. तिने मुठीत फुल तिकिटाचे पैसे मोजून धरले होते. पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्या बाईने कौतुकाने विचारलं, “एवढीशी पोर एकटीच? कुणाची हो?” मापाडी म्हणाला, “काय माहीत.” आणि त्याने हाफ तिकीट फाडून मुलीच्या हातात दिलं. मुलीने ते मुकाट्याने घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ती दुसऱ्या रस्त्याच्या बसने जाऊ लागली. घरी तिने याचा शब्द काढला नाही, आणि त्यानेही नाही.

बस आली. पहिली पायरी उंच असते आणि गुडघ्यांचा भरवसा नाही, म्हणून मुलगी दांडी धरून हातांच्या जोरावर स्वतःला वर ओढून घेते. एरवी अशा वेळी मापाड्याला रस्त्यावर काहीतरी बघायचं असे. आज त्याने हात पुढे केला, तोवर ती वर पोचली होती.

कंडक्टर दुसऱ्या डेपोचा, तोंडओळखीचा होता. “काय मापाडी, आज साध्या कपड्यांत?”

“तीन फुल द्या,” मापाडी म्हणाला. “सोळा पूर्ण आहेत तिला. माझी मुलगी आहे.” बसमध्ये हे वाक्य तो पहिल्यांदाच बोलत होता. आवाज जरा मोठाच लागला. दोनचार माना वळल्या.

“हिचं फुल असतं ते मला शिकवू नका,” कंडक्टर हसला. “रोज असते की आमच्या गाडीला. पहिल्या दिवशी हाफ देत होतो, तर केवढी भांडली माझ्याशी. पण तुमची होय ही? कधी बोलली नाही. मी विचारलंही होतं, वडील काय करतात म्हणून. म्हणाली, बाहेरगावी असतात.”

तिकिटं देऊन तो पुढे गेला. मुलगी खिडकीबाहेर बघत होती, तिचे इवलेसे कान लाल झाले होते. मापाड्याच्या लक्षात आलं, तिने त्याच्यावर सूड उगवला नव्हता. त्याचं खोटं उघडं पडू नये म्हणून तीही खोटं बोलली होती, आणि वर्षभर ते निभावत आली होती.

मायलेकी दोघांच्या सीटवर बसल्या. तो दांडीला धरून उभा राहिला.

“बाबा, बसा ना.”

“दोघांची सीट आहे ती.”

“मावतो आपण तिघं. मी अशी किती जागा घेते?”

तिने हे अगदी सरळ मनाने म्हटलं. टोमणा असता तर त्याला सोसला असता. ती खिडकीला चिकटली. बायकोही त्याच्याकडे न बघता आत सरकली. उरलेल्या जागेवर तो टेकला. एक पाय वाटेत राहिला आणि तिकिटं मुठीत भिजत राहिली.

पुढच्या थांब्यावर कुणाचं तरी पोर चढलं. कंडक्टरने त्याला खांबाशी उभं केलं, आणि हसत हाक मारली, “काय मापाडी, तुम्हीच सांगा, हाफ की फुल?”

मापाड्याने मान वर केली नाही.