लोखंडी पट्टीचा बाक

मित्रांनो, सुतारकाकांच्या थोरल्या लेकीचं लग्न झालं, त्या वर्षी माझा जन्म. तिला द्यायला केलेल्या कपाटातून उरलेल्या लांब फळीला काकांनी चार पाय लावले आणि मला शाळेला देऊन टाकलं. आज मी एक जुना बाक आहे; तेव्हा वर्गात एकटाच होतो.

शाळा एक, मुलं मात्र दोन आळ्यांची. शाळेच्या समितीत सगळे वरच्या आळीचे. त्यामुळे माझ्यावर वरच्या आळीची मुलं बसत आणि खालच्या आळीची जमिनीवर. इस्त्रीवाल्या मावशीची ठमी पालथी पडून लिहायची.

"आमच्या पोरींना काय बूड नाही?" मावशीने समितीला विचारलं.

"जागा नाही," अध्यक्ष म्हणाले.

आधी मुलं भांडली, मग नळावर बायका. एके दिवशी दगड आले आणि खिडकी फुटली. खालच्या आळीने मुलांना शाळेतून काढायचं ठरवलं. म्हणजे ठमीची शाळा सुटणार! पोरं घटली तर शाळाच बंद पडेल, म्हणून अध्यक्ष घाबरले.

"बाकाचे दोन तुकडे करा! निम्मा त्यांना, निम्मा आम्हाला. मिटलं!"

दोन्ही आळ्यांनी माना डोलावल्या. काकाही वैतागलेलेच, त्यांनी करवत चालवली. प्रत्येक तुकड्याला एकाच टोकाला पाय उरणार, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचा नातू भिंतीला टेकवलेल्या तुकड्यावर ऐटीत बसला आणि माझ्यासकट तोंडावर आपटला. पलीकडे ठमीही आपटली. दोघं एकमेकांकडे बघून खदखदून हसले, मग अख्खा वर्ग.

काका लोखंडी पट्टी घेऊन आले. मावशी दारात आडवी उभी.

"सुतारदादा, जोडाल हो. पण बसायचं कुणी, हे कोण ठरवणार? आधी आमचं माणूस समितीत घ्या, मग खिळा ठोका."

"बाई, सही तरी येते का तुला?" अध्यक्षांनी टोमणा मारला.

"ठमी शिकवेल की! तेवढ्यासाठी तरी बसू द्या तिला."

काकांनी हातोडी खाली ठेवली. दुपारी अध्यक्ष कबूल झाले, तेव्हाच उचलली.

समितीत आलेल्या मावशीने बसायच्या पाळ्या लावल्या. उन्हाळ्यात पट्टी गार लागे, म्हणून मुलं तिच्यावर बसायला भांडत. त्या भांडणात दगड नव्हते.

आता नवे बाक आलेत आणि मी अडगळीत आहे. मित्रांनो, मोडलेलं जरूर जोडा, पण जोडताना सगळ्यांना विचारा. मावशी शेवटपर्यंत समितीत होती. सही करायला ती अडगळीत येऊन माझ्यावरच बसायची. गेल्या उन्हाळ्यात, सुट्टीच्या पहिल्या दिवशी, ती वारली.