मोनिकाच्या डाव्या कानाशी

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. माझ्या गाद्यांचं काळं कातडं सोलून निघालं आहे आणि वायरीला दोन ठिकाणी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. तरीही मी अजून स्वच्छ वाजतो. तेच माझं दुःख आहे.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. माझी पहिली आठवण कळंबच्या मुकुलशेठच्या दुकानातली आहे. येरमाळ्याचे बब्रुवान आपल्या मुलीला, मोनिकाला घेऊन एस.टी.नं तिथं आले होते. मोनिकाला जन्मापासून दिसत नाही. तिचा कॉम्प्युटर पडद्यावरचा मजकूर तिला वाचून दाखवतो, आणि त्या आवाजावर ती कारकुनाच्या परीक्षेचा अभ्यास करत होती.

मुकुलशेठनं आधी एक मोठा, गुबगुबीत हेडफोन तिच्या हातात दिला. "हा घ्या ताई. ह्याचा बास लई भारी हाय."

मोनिकानं दुकानातल्या कॉम्प्युटरवर वाचनाचा आवाज लावायला सांगितला. अर्ध्या मिनिटात तिनं तो हेडफोन काढून ठेवला.

"ह्याच्यात नुसतं धम धम व्हतंय. मला गाणी न्हाय ऐकायची, अक्षरं ऐकायचीत. 'स' आन् 'श' येगळं कळायला पायजे."

तिनं चार हेडफोन परत केले. पाचवा मी. माझ्यावर तिनं अख्खं पान ऐकलं, गाद्या दाबून पाहिल्या, डोक्यावरची पट्टी ताणून पाहिली आणि म्हणाली, "हाच द्या." त्या क्षणी मला जो अभिमान वाटला तो मी कधी विसरणार नाही.

निघताना मुकुलशेठ म्हणाला, "कॉम्प्युटर जुना असंल तर एक साउंड कार्डबी घ्या. त्याच्या पेटीतला आवाज खरखरतो. बाहेरून कार्ड लावलं की साफ येतो."

"आधी ह्यो तर घिऊ," बब्रुवान म्हणाले. "कार्डाचं मागनं बघू."

बब्रुवानांचं हायवेला चहाचं हॉटेल आहे आणि हॉटेलच्या मागंच घर. दिवसभर ट्रकचे हॉर्न, मिक्सरची घरघर. त्यात कॉम्प्युटर खरंच खरखरत होता. प्रत्येक शब्दामागं बारीक 'सूं' असा आवाज यायचा. तो झाकण्यासाठी मोनिका माझा आवाज वाढवायची. शिवाय ती मला फक्त डाव्या कानावर ठेवायची. उजवा कान मोकळा लागायचा, कोण आलं, दूध उतू चाललं का, आई कुठं आहे, हे सगळं तिला त्या कानानं कळायचं.

दर थोड्या दिवसांनी आवाज एक पायरी वर चढत गेला. सात-सात, आठ-आठ तास मी त्या एका कानात ओरडत होतो. एकदा तिची आई हरणाबाई स्वयंपाकघरातून म्हणाली, "पोरी, तुझ्या कानातलं मला हितं ऐकू येतंय गं." मोनिका हसली. मीही ते कौतुक समजलो.

अशी चार वर्षं गेली. मग मोनिका मला झटकू लागली, वायर पिळू लागली. चिकटपट्टी लावून झाली. परीक्षेला महिना उरला असताना ती म्हणाली, "आबा, हेडफोन गेला. डावीकडनं लई बारीक येतंय. मधीच शिट्टी वाजल्यावानी व्हतंय."

कॉम्प्युटर सोबत घेऊन आम्ही पुन्हा कळंबला गेलो. मुकुलशेठनं आधी कॉम्प्युटरला अंगठ्याएवढं साउंड कार्ड लावलं आणि मला त्याला जोडलं. मोनिकाचा चेहरा उजळला.

"अगं बाई, मागचं सूं सूं गेलं की! पर डावीकडनं अजून बारीकच हाय."

मुकुलशेठनं मला स्वतःच्या कानांवर चढवलं. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ताई, दोन्ही बाजू सारख्याच वाजत्यात."

"मला न्हाय तसं वाटत."

"एक काम करा. ह्याला उलटा घाला."

तिनं माझी डावी बाजू उजव्या कानावर ठेवली. हीच बाजू चार वर्षं ओरडली होती. आवाज सुरू झाला. मित्रांनो, त्या क्षणी माझी वायर तुटावी, माझ्यात काहीतरी जळावं, असं मला फार वाटलं. पण मी खणखणीत बोलत होतो.

मोनिकानं मला काढलं, सुलटं घातलं, पुन्हा उलटं घातलं. मग तिचा हात हळूहळू डाव्या कानाकडं गेला.

"काय झालं गं? बिघाड कुठंय?" बब्रुवानांनी विचारलं.

"बिघाड माझ्यात हाय, आबा."

धाराशिवच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, मोठ्या आवाजानं गेलेलं ऐकणं परत येणार नाही, उरलेलं जपता येईल. मी मोनिकाच्या पिशवीत होतो. येरमाळ्याला एस.टी.तून उतरल्यावर घर रस्त्यापलीकडं. एरवी ट्रकचा आवाज जोखून ती एकटीच पार व्हायची. त्या दिवशी ती कडेला उभीच राहिली. दोन्ही कान सारखे असले की गाडी कुठल्या बाजूनं येते ते समजतं. तिला फक्त गाडी येते आहे एवढंच समजत होतं.

"आबा, हात द्या," ती म्हणाली. बब्रुवानांनी हात दिला.

त्या वर्षी ती परीक्षेला बसली, पण पास झाली नाही. आता पुन्हा अभ्यास चालू आहे. साउंड कार्ड लावल्यामुळं हळू आवाजातही 'स' आणि 'श' वेगळे कळतात. अर्धा तास झाला की ती मला उतरवून ठेवते. बब्रुवानांनी मिक्सर हॉटेलच्या पुढच्या कोपऱ्यात हलवला आहे. हे सगळं चार वर्षांपूर्वीही करता आलं असतं.

मित्रांनो, मला घेताना माझा रंग आणि धमधमाट पाहू नका, हळू आवाजात मी किती स्पष्ट बोलतो ते पाहा. मागं खरखर येत असेल तर ती खरखर काढा, माझा आवाज वाढवू नका. आणि मला अधूनमधून उतरवून ठेवा. मला राग येणार नाही.

रोज सकाळी बापलेक रस्त्याच्या कडेला उभे राहतात. मी खिडकीतल्या खिळ्यावरून ऐकतो.

"ही कुठनं आली?"

मोनिका मान वळवते, थांबते. "बीडकडनं."

"न्हाय बाळा. धाराशिवकडनं."

दहातल्या सात गाड्या ती बरोबर सांगते. तीन चुकतात. त्या तीन गाड्यांसाठी मी तुम्हाला हे सगळं सांगितलं.