समोरचा पडदा

आमच्या वस्तीत आवाज म्हणून नाही. एका अंगाला तळं, दुसऱ्या अंगाला मोठी बाग आणि मधल्या पट्ट्यात आमची घरं. शेजारच्या बाई शिंकल्या तरी आमचे हे इकडे म्हणतात, "सर्दी झाली वाटतं." अशा ठिकाणी दोन भावांचं भांडण लपून राहणं अशक्यच होतं.

तळ्याच्या पलीकडे, अगदी आमच्या समोर, माझ्या मोठ्या दिरांचं घर. दीर सुतार, हे रंगारी. उतारवयात जवळजवळ राहायचं म्हणून दोघांनी हौसेने एकाच तळ्यावर घरं घेतली आणि मिळून एक होडी बांधली. त्यांनी फळ्या जोडल्या, यांनी रंग दिला. आम्ही दोघं माझ्या भावाकडे गेलो असताना दिरांनी ती होडी बागेतल्या नौकाविहारवाल्यांना देऊन टाकली. तळाशी पाणी झिरपत होतं. दोन म्हाताऱ्यांनी बुडून मरायला नको, एवढंच त्यांचं म्हणणं. मला विचारलं का नाही, एवढंच यांचं म्हणणं. दोघांचंही बरोबर होतं, मग माघार कोण घेणार?

त्या दिवसापासून यांनी "दादा" हा शब्दच टाकला. भावाला "समोरचा" म्हणू लागले. आणि तरी रोज सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीत उभे. समोरच्या खिडकीचा पडदा सरकला की म्हणायचे, "उघडला. उठले साहेब." मग कुठे चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायचा.

"एवढी काळजी आहे तर जा ना," मी म्हणायचे. "तळ्याला वळसा घातला की घर."

"मी बदकं बघतोय."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभाला नुसती धगसुद्धा लागली नव्हती.

पूर्वी बागेत फिरायला गेले की पुतणी भेटायची. जाऊबाई गेल्यापासून तीच वडिलांजवळ राहते. तिच्याकडून इकडची खबर तिकडे आणि तिकडची इकडे पोचायची. यंदा माझे गुडघे धरले आणि फिरणं सुटलं. फोन करायचं मनात यायचं, पण समोरचा पडदा वेळच्या वेळी उघडत होता. काळजी करण्यासारखं काही दिसत नव्हतं.

परवा सकाळी पडदा उघडला नाही.

ह्यांचा चहा निवला. मी दुसरा करून दिला, तोही निवला. "झोपला असेल," म्हणाले. थोड्या वेळाने, "गावाला गेला असेल." मग खुर्चीवर बसले, उठले, परत बसले. शेवटी माझाच संयम सुटला.

"अहो, भाऊ आहे तुमचा. मान खाली घालावी लागली तर घाला. ती काही गळून पडणार नाही."

गुपचूप चपला घातल्या त्यांनी. गुडघ्यांना शिव्या घालत मीही निघाले. बागेच्या फाटकापाशी थांबून ते म्हणाले, "काय बोलू गं आधी?" मी म्हटलं, "दादा म्हणा. पुढचं आपोआप येईल." वाटभर ओठ हलत होते त्यांचे. मला हसू येत होतं आणि बरंही वाटत होतं.

दार पुतणीने उघडलं. डोळे सुजलेले. आम्हाला बघून तिला रडू आवरेना. आपण उशिरा आलो, हे मला तिथे उंबऱ्यावरच कळलं.

दीर पहाटे हॉस्पिटलमध्ये वारले होते. महिनाभर तिथेच होते. ती कपडे न्यायला घरी आली होती आणि आमच्याकडेच निघणार होती.

"महिनाभर?" हे म्हणाले. "पण पडदा..."

"मी उघडत होते, काका. बाबांनीच सांगितलं होतं. म्हणाले, रोज सकाळी आधी घरी जाऊन पडदा उघड, मग इकडे ये. नाहीतर तो उगाच काळजी करत बसेल. आज मला जमलं नाही."

 

"मला बोलवायचं होतंस गं," ते म्हणाले. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "रागावलो होतो, मेलो नव्हतो."

"मी कितीदा म्हटलं त्यांना. काकांचा राग गेला असेल, फोन करते. तर हसायचे. म्हणायचे, कसला राग? ते तर कधीच मिटलं. तो रोज खिडकीत येतो, मी येतो. आमची रोज भेट होते. हॉस्पिटलमध्ये कशाला दमवायचं त्याला, घरी आलो की दिसेनच."

ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग माझ्याकडे वळून, लहान मूल तक्रार सांगतं तसं म्हणाले, "त्याचं मिटलं होतं गं. मी एकटाच भांडत होतो."